कप्तान जॉन न्यूटन : प्रार्थना, न्याय व नीतिमान जीवन

जो मनुष्य नित्य प्रार्थना करतो, रविवार पाळतो व शास्त्र वाचतो, त्याच्या हातून नित्याच्या धंद्यात घोर अन्याय घडू शकेल काय? आणि घडत असला तर तो त्याचा त्याला दिसेल काय? हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना आवडत नाही. सकाळ-संध्याकाळ देवापुढे गुडघे टेकले म्हणजे दिवसाचा बाकीचा हिशेब आपोआप चुकता होतो, असे आपण मनातल्या मनात धरून चालतो. परंतु डोंगरावरील प्रवचनात प्रभूने प्रार्थना कशी करावी हे शिकविल्यावर, त्याच प्रवचनात दुसऱ्यांना दोषी ठरविण्याच्या खोडीविषयी, भावाच्या डोळ्यातील कुसळाविषयी व आपल्या डोळ्यातील मुसळाविषयी सांगितले. आणि शेवटी, मुखाने प्रभूचे नाव घेणारा परंतु पित्याच्या इच्छेप्रमाणे न वागणारा मनुष्य त्या दिवशी टिकणार नाही, असाही इशारा दिला. प्रार्थना, न्याय व नीतिमान जीवन ही तिन्ही एका सूत्रात का ओवली आहेत, हे अठराव्या शतकातील एका इंग्रज खलाशाच्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके पुष्कळ प्रवचनांवरून कळत नाही. म्हणून ते चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आईचे शिक्षण व मुलाची भटकंती

जॉन न्यूटन याचा जन्म लंडन शहरात, बंदरालगतच्या वॉपिंग नावाच्या वस्तीत, १७२५ साली झाला. त्याचा बाप भूमध्य समुद्रात व्यापार करणाऱ्या जहाजावर कप्तान होता, त्यामुळे तो घरी क्वचितच असे. आई एलिझाबेथ ही मोठी देवभीरू बाई होती. परंतु तिची प्रकृती नाजूक असून तिला क्षयाचा विकार जडला होता. तिने आपल्या एकुलत्या एका मुलाला चौथ्या वर्षीच वाचायला शिकविले, शास्त्रातील भाग, प्रश्नोत्तरे व गीते त्याच्याकडून तोंडपाठ करवून घेतली, आणि हा पुढे देवाच्या वचनाचा सेवक व्हावा अशी इच्छा बाळगिली. १७३२ साली, मुलाला सातवे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस राहिले असता, ती प्रभूकडे गेली. तिने पेरलेले बी पुष्कळ वर्षे जमिनीतच पडून राहिले.

अकराव्या वर्षी बापाने त्याला समुद्रावर नेले. खलाशांच्या संगतीत त्याची जीभ शिव्याशापांना सरावली. मधूनमधून त्याला भीती वाटे व तो धार्मिक होई. सोळा वर्षांचा होण्यापूर्वी तो असा तीनचार वेळा सुधारला व तितक्याच वेळा बिघडला. एकदा तर त्याने उपवास केले, मांस वर्ज्य केले, बोलणेही जवळजवळ सोडले. परंतु हे सर्व भयाचे धर्माचरण होते, प्रीतीचे नव्हते, म्हणून ते टिकले नाही. पुढे नास्तिक मताची पुस्तके हाती पडली, आणि देवाविषयीची उरलीसुरली भीतीही त्याने मनातून काढून टाकली.

१७४२ च्या डिसेंबरात केंट परगण्यात आईच्या स्नेह्यांच्या घरी त्याने मेरी कॅटलेट नावाच्या मुलीला पाहिले व तिच्यावर त्याचे मन जडले. तिच्या सहवासाच्या लोभाने त्याने बापाने ठरवून दिलेली नोकरी हातची घालविली. १७४४ साली त्या काळच्या सरकारी रिवाजाप्रमाणे त्याला जबरदस्तीने धरून लढाऊ आरमारात भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला, सर्व खलाशांदेखत त्याला फटके बसले व त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. त्या अपमानाने त्याच्या मनात कप्तानाचा खून करण्याचे विचार आले व स्वतःचा जीव देण्याचेही आले. अखेर १७४५ साली त्याची बदली आफ्रिकेला जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर झाली, आणि आता आपल्याला ओळखणारे कोणी नाही, तेव्हा वाटेल तसे वागावे, असा त्याने निश्चय केला.

साखळदंडातील हात

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएरा लिओन नजीकच्या एका लहान बेटावर, न्यूटन एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या नोकरीस राहिला. तेथे तो तापाने आजारी पडला. व्यापारी सफरीवर गेला असता त्याच्या घरातील बाईने या आजारी परदेशी चाकराचे फार हाल केले. त्याला निजायला फळी, उशाला लाकूड व प्यायला पाणी मागून मिळणेही कठीण होई. जेवण म्हणजे तिच्या ताटातील उष्टे, तेही कधी मिळे, कधी न मिळे. व्यापारी परतल्यावर कोणी तरी न्यूटनवर चोरीचा आळ घातला. मग धनी किनाऱ्यावर जाई तेव्हा त्याला जहाजाच्या डेकवर साखळीने जखडून ठेवण्यात येऊ लागले. अंगावर एक सदरा, एक तुमान व डोक्याला एक फडके, एवढ्यावर त्याने पावसाळी रात्री काढल्या. त्याच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक उरले होते. सवड सापडली की तो समुद्रकाठी जाऊन काठीने वाळूत आकृत्या काढी व आपले दुःख विसरण्याचा प्रयत्न करी.

या काळातील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे. त्या व्यापाऱ्याच्या ताब्यात विक्रीसाठी आणलेले आफ्रिकी लोक साखळदंडाने बांधलेले असत. त्यांना स्वतःलाच पोटभर अन्न मिळत नसे. तरी या उपाशी, तापाने फणफणलेल्या गोऱ्या तरुणाला पाहून त्यांतील काहींनी आपल्या तुटपुंज्या वाट्यातले अन्न चोरून त्याला दिले. ज्यांचे सर्वस्व लुटले गेले होते त्यांनी, आपल्याला लुटणाऱ्यांच्या जातीतील एकाला जगविले. हे न्यूटनने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या दात्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. देवाजवळ ती लिहिलेली असतील.

वादळातील हाक

बापाने मुलाच्या शोधासाठी एका ओळखीच्या जहाजमालकाला सांगून ठेवले होते. १७४७ साली ग्रेहाउंड नावाचे जहाज त्या किनाऱ्यावर आले व न्यूटन त्यावर चढला. हे जहाज सोने, हस्तिदंत, रंगाचे लाकूड व मधमाशांचे मेण यांचा व्यापार करीत होते. वाटेत न्यूटन इतकी घाण भाषा बोले व देवाची इतकी निंदा करी की तो कप्तान, जो स्वतः काही साधू नव्हता, त्यालाही कंटाळा आला. १७४८ च्या मार्चात एके दिवशी न्यूटनने सहज वेळ घालविण्यासाठी ख्रिस्तानुकरण हे जुने भक्तिपर पुस्तक उचलले. वाचता वाचता त्याच्या मनात आले की हे सर्व खरे असेल तर माझे काय होईल? तो विचार सोसवेना, म्हणून त्याने पुस्तक मिटले.

त्याच रात्री उत्तर अटलांटिक महासागरात प्रचंड वादळ झाले. एका लाटेने जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन डेकवर धावत असता कप्तानाने त्याला सुरी आणण्यास परत पाठविले. त्याच्या जागी जो मनुष्य वर गेला त्याला लाटेने क्षणात ओढून नेले. पहाटे तीनपासून दुपारपर्यंत न्यूटन पंप मारीत होता. पुढे शक्ती संपल्यावर त्याने सुकाणू धरले. या गडबडीत कप्तानाशी बोलताना, आपल्या प्रयत्नांनी भागले नाही तर देवानेच दया करावी, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून सहज निघून गेले. आणि तो स्वतःच दचकला. कारण कित्येक वर्षांत त्याने देवाचे नाव शिवी देण्याखेरीज घेतले नव्हते. मला दया मागण्याचा हक्क तरी काय, असे त्याला वाटले. तो दिवस जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे १० मार्च व नव्याप्रमाणे २१ मार्च होता. न्यूटनने तो मरेपर्यंत पाळला.

मेण व हलके लाकूड यांचाच माल असल्यामुळे फुटके जहाज बुडाले नाही. चार आठवडे ते शिडांशिवाय जवळजवळ वाहवत राहिले. हा देवनिंदक म्हणजे दुसरा योना आहे, याला समुद्रात टाकले तर आपण वाचू, असे कप्तान बोलू लागला होता. अखेर ८ एप्रिल रोजी ते आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा त्यांच्याजवळचे शेवटचे अन्न चुलीवर शिजत होते. प्रार्थना ऐकणारा देव आहे, ही गोष्ट न्यूटनने त्या दिवशी मानिली. तरी त्या वेळी आपण पुरा विश्वासी झालो होतो असे म्हणता येत नाही, असे त्याने पुढे आपण होऊन कबूल केले आहे.

प्रार्थना करणारा कप्तान

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळ मंडळ्यांतून सांगितली जाते, आणि वादळानंतर तो पाळक झाला असे म्हणून ती आटोपती घेतली जाते. परंतु खरी हकीकत तशी नाही. वादळानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारात गेला.

१७४८ साली तो गुलामांच्या एका जहाजावर दुय्यम अधिकारी झाला. १७५० च्या फेब्रुवारीत मेरी कॅटलेटशी त्याचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी तो स्वतः कप्तान झाला. १७५० पासून १७५४ पर्यंत त्याने अशा तीन सफरी केल्या. या व्यापाराची रीत अशी होती: लिव्हरपूल बंदरातून कापड, बंदुका, लोखंड व दारू घेऊन आफ्रिकेला जावयाचे, तेथे त्या मालाच्या मोबदल्यात स्त्रिया, पुरुष व मुले विकत घ्यावयाची, त्यांना अटलांटिक महासागरापलीकडे वेस्ट इंडीज बेटांत नेऊन उसाच्या मळेवाल्यांना विकावयाचे, आणि तेथील माल भरून घरी परतावयाचे. पुरुषांना दोघादोघांना बेड्यांनी एकत्र जखडून जहाजाच्या तळातील खणांत, जेथे ताठ उभेही राहता येत नसे अशा जागी, दाटीने निजविण्यात येई.

आणि वरती डेकवर कप्तान न्यूटन दर रविवारी दोन वेळा खलाशांना जमवून विधिपूर्वक उपासना चालवीत असे. त्याने शिव्या सोडल्या होत्या, दारू सोडली होती, तो रोज शास्त्र वाची, एकांतात प्रार्थना करी, लॅटिन भाषेचा अभ्यास करी व पत्नीला मोठ्या प्रेमाची पत्रे लिही. त्या सफरींत देवाच्या सहवासाचे जे गोड तास लाभले तसे क्वचितच लाभतात, असे त्याने नंतर लिहिले. याच कप्तानाने १७५२ साली गुलाम बंड करणार अशा संशयावरून काही मुलांच्या अंगठ्यांना पेच लावून त्यांच्याकडून कबुली घेतल्याची नोंद आपल्या जहाजाच्या रोजनिशीत केली आहे. शेवटच्या सफरीत एकही मनुष्य मेला नाही, म्हणून त्याने देवाची कृपा मानिली. आणि जिवंत राहिलेल्या त्या सर्वांना त्याने विकून टाकले.

वाचकहो, हा मनुष्य ढोंगी होता काय? ढोंगी मनुष्य आपण खोटे आहो हे जाणत असतो. न्यूटन जाणत नव्हता. तो धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, आणि पाळकांनी व मंडळीच्या वडिलांनीही त्यात पैसे गुंतविले होते. ज्यांच्या हातचे अन्न खाऊन आपण जगलो त्यांच्याच भावाबहिणींना आपण बेड्या घालीत आहो, हे त्याच्या प्रार्थनेत कधी आले नाही, कारण त्याने ते आणले नाही. एवढे मात्र खरे की हातातील बेड्या व किल्ल्या पाहून आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारीच आहो असे त्याला कधीकधी वाटे, आणि अधिक दयेचा एखादा धंदा मिळावा अशी तो देवाजवळ मागणी करी. दार किंचित किलकिले झाले होते. १७५४ च्या नोव्हेंबरात त्याला अकस्मात झटका आला व वैद्यांनी समुद्र सोडण्यास सांगितले. त्याने व्यापार सोडला तो दुखण्यामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे.

ओल्नी येथील पाळक

१७५५ साली न्यूटनला लिव्हरपूल बंदराच्या जकात खात्यात नोकरी मिळाली. फावल्या वेळात त्याने ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला. १७५८ पासून तो पाळकाच्या दीक्षेसाठी अर्ज करीत होता. परंतु विद्यापीठाचे शिक्षण नाही व मेथॉडिस्ट लोकांशी संगत आहे, अशा सबबींवर तो नाकारला जाई. शेवटी १७६४ साली दीक्षा मिळून त्यांची नेमणूक बकिंगहॅम परगण्यातील ओल्नी या गावी झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र छापले गेले. त्यात स्वतःच्या देवनिंदेबद्दल पानोपान पश्चात्ताप आहे. गुलामांच्या व्यापाराबद्दल मात्र, तो धंदा आपल्याला रुचत नव्हता, याहून अधिक फारसे नाही.

ओल्नीचे लोक गरीब असत. पुष्कळांचे पोट घरी बसून लेस विणण्यावर चाले. रेव्ह. न्यूटन आपला खलाशाचा जाड कोट घालून त्यांच्या झोपड्यांतून फिरत, मुलांचा वर्ग घेत आणि आठवड्याच्या प्रार्थनासभा भरवीत. लोक इतके वाढले की देवळात नवा सज्जा बांधावा लागला. १७६७ साली विल्यम कूपर हे कवी ओल्नी येथे राहावयास आले. त्यांना मनाचा भयंकर विकार होता. देवाने आपल्याला कायमचे टाकिले आहे अशी त्यांची समजूत होई व ते जीव देण्यास प्रवृत्त होत. १७७३ साली हा विकार बळावला तेव्हा न्यूटन यांनी त्यांना आपल्या घरी आणून वर्षाहून अधिक काळ सांभाळले. अशा मनुष्यावर अल्पविश्वासाचा दोष ठेवणे सोपे होते. परंतु देव आपली किती वाट पाहत आला हे ज्यांनी अनुभविले होते, त्यांनी मित्राचा न्याय केला नाही, त्याची सोबत केली. या दोघांनी मिळून रचिलेला ३४८ गीतांचा संग्रह १७७९ साली छापला गेला. त्यांतील बहुतेक गीते न्यूटन यांची आहेत. जगभर गाइले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्यांनी १७७३ सालच्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले होते. आपण आंधळे होतो व आता दृष्टी आली, हा त्यातील भाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते गीत लिहितानाही त्यांच्या डोळ्यांवरील एक पडदा उठावयाचा होता.

चाळीस वर्षांनंतर

१७८० च्या सुमारास न्यूटन लंडन शहरातील सेंट मेरी वुलनॉथ या मंडळीचे पाळक झाले. हे देऊळ पेढीवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या वस्तीत होते. देशाचा विवेक हळूहळू जागा होऊ लागला होता. क्वेकर पंथाच्या लोकांनी या व्यापाराविरुद्ध आवाज उठविला होता. जॉन वेस्ली यांनी १७७४ साली त्याविरुद्ध पुस्तक लिहिले होते. म्हणजे जे न्यूटन यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले होते, ते पाप आहे हे, ज्यांनी पाहिले नव्हते अशा लोकांच्या तोंडून देव त्यांना सांगत होता. १७८५ च्या डिसेंबरात पार्लमेंटचे तरुण सभासद विल्यम विल्बरफोर्स गुप्तपणे त्यांना भेटावयास आले. त्यांचा नुकताच पालट झाला होता व राजकारण सोडावे की काय या विचारात ते होते. न्यूटन यांनी त्यांना आहे त्याच ठिकाणी राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. त्या एका सल्ल्याचे फळ किती मोठे झाले हे इतिहास सांगतो.

१७८८ साली, वादळातील त्या प्रार्थनेला चाळीस वर्षे झाली असता, न्यूटन यांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दुसऱ्या कोणाचा न्याय करण्यापूर्वी स्वतःचा केला. ज्या कामाचा विचार करताना आता अंगावर काटा येतो त्यात आपण एके काळी हौसेने भाग घेतला, ही कबुली फार उशिराची आहे व तिने झालेले नुकसान भरून येणार नाही, तरी आता गप्प बसणे हा दुसरा अपराध होईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग त्यांनी खलाशाच्या चोख रीतीने सर्व सांगितले: किती जागेत किती माणसे कोंबीत, बेड्या कशा असत, पेच कसे लावीत, स्त्रियांची अब्रू कशी लुटली जाई, आणि सरासरी चारांतील एक मनुष्य प्रवासात मरून समुद्रात कसा फेकला जाई. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढे व १७९० साली कॉमन्स सभेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. नावलौकिक मिळालेल्या वृद्ध पाळकाने आपला जुना अपराध भर सभेत मांडणे, ही सोपी गोष्ट नव्हे.

१७९० च्या डिसेंबरात त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. पुढे त्यांची दृष्टी मंद झाली, स्मृती ढळू लागली, तरी १८०६ पर्यंत ते उपदेश करीत राहिले. विल्बरफोर्स यांचा कायदा वारंवार फेटाळला जाऊन अखेर १८०७ च्या मार्चात मंजूर झाला व इंग्रजांचा गुलामांचा व्यापार बंद झाला. ते ऐकावयास न्यूटन हयात होते. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. आपल्या स्मारकशिळेवरील मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेविला होता. त्यात आपण पूर्वी नास्तिक व आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, हे सांगावयास ते विसरले नाहीत.

आमच्या भाषेशी आलेला संबंध

न्यूटन यांच्या सेवेचा एक धागा आमच्यापर्यंतही आला आहे. क्लॉडियस ब्यूकॅनन नावाचा एक भरकटलेला स्कॉच तरुण त्यांच्या उपदेशाने व पत्रांनी प्रभूकडे वळला. तो १७९७ साली बंगाल्यात पाळक म्हणून आला व कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात उपप्रमुख झाला. त्याच कॉलेजात विल्यम केरी शिकवीत असत, आणि तेथे मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. १८०५ साली केरी यांचे मराठी व्याकरण व मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर श्रीरामपूर येथे छापून निघाले. प्रार्थना, न्याय व नीतिमान जीवन यांविषयीचे जे प्रवचन आरंभी सांगितले, ते याच शुभवर्तमानात आहे.

आपण काय शिकावे

पहिली गोष्ट ही की, प्रार्थना मनुष्याला पालटते, परंतु प्रार्थनेत जेवढे आणावे तेवढेच उजेडात येते. न्यूटन यांनी आपली जीभ देवापुढे आणली व ती शुद्ध झाली. आपला धंदा आणला नाही, तो तसाच राहिला. आपल्या गावांतही असे घडते. घरात संध्याकाळची उपासना चुकत नाही, पण कापणीला आलेल्या मजुरीणीचे चार दिवसांचे पैसे थकलेले असतात. वर्गणी वेळेवर येते, पण विधवा भावजयीच्या वाट्याच्या शेताचा बांध हळूच सरकविलेला असतो. तोंडाने आपण पित्याजवळ आपल्या ऋणांची सूट मागतो, आणि उंबऱ्याशी आपला ऋणको हात जोडून उभा असतो. हे सर्व डेकखालचे खण होत. वर गीत चालले असता खालचा आकांत ऐकू येत नाही. देवाला मात्र दोन्ही ऐकू येतात.

दुसरी गोष्ट न्यायाची. हे चरित्र वाचून, काय हा दांभिक मनुष्य, असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्यापूर्वी त्याने हे विचारावे की माझ्या काळात कायदेशीर, माझ्या जातगोतात प्रतिष्ठित आणि माझ्या मंडळीला मान्य असे कोणते पाप मी करीत आहे? न्यूटन यांचे मुसळ आपल्याला दिसते, कारण ते दुसऱ्याच्या डोळ्यात आहे.

परंतु तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. देव धीर धरतो, देवाने न्यूटन यांच्यासाठी चाळीस वर्षे वाट पाहिली, म्हणून आपणही सावकाश सुधारू, असे कोणी म्हणू नये. देवाने न्यूटन यांची चाळीस वर्षे वाट पाहिली. पण जहाजाच्या तळातील माणसांजवळ चाळीस वर्षे नव्हती. आमचा पश्चात्ताप लांबतो तेव्हा त्याचे मोल आम्ही देत नाही. ते आमच्या हाताखाली सापडलेला मनुष्य देतो. न्यूटन यांना क्षमा मिळाली यात शंका नाही. परंतु विकलेली माणसे परत आणता आली नाहीत, हे दुःख त्यांनी मरेपर्यंत वाहिले.

शेवटच्या न्यायाच्या वर्णनात राजा उपाशी, तहानेले, परके व बंदिवान यांच्या वतीने बोलतो. त्या दिवशी सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरील ते निनावी बंदिवानही उभे राहतील. स्वतः बेड्यांत असता त्यांनी उपाशी परक्याला खाऊ घातले. आणि तो परकाही तेथे असेल, केवळ कृपेने. त्या भेटीचा विचार केला म्हणजे प्रार्थना, न्याय व नीतिमान जीवन ही तीन निराळी प्रकरणे आहेत असे म्हणवत नाही.

म्हणून आज रात्री उपासना झाल्यावर लागलीच उठू नये. दिवा मालविण्यापूर्वी क्षणभर गप्प राहावे, आणि आज आपल्या हाताखाली कोण कोण होते, त्यांची तोंडे एकेक करून देवापुढे आठवावी. ज्या तोंडाशी मन अडखळेल, सकाळी प्रथम त्याच्या घरी जावे.